कोरड्या प्लेटी

३ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी कव्हर उघडलं!

स्क्रू गंजून असे बसले होते की फिरायचं नावच घेईनात. मग प्रत्येकाच्या डोक्यावर हातोडीचा एकेक दणका. प्रत्येक दणक्याला नवऱ्याचं थोबाड डोळ्यांसमोर आणलं. इतक्या मजेत स्क्रू मी कधी काढले नव्हते.

आत जळका वास. क्लचच्या प्लेटी काळ्याठिक्कर, वरचा खरखरीत थर घासून गुळगुळीत झालेला. मधल्या लोखंडी प्लेटी तापून निळ्या पडलेल्या. म्हणूनच एक्सिलेटर पिळला की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. प्लेटी एकमेकींना धरतच नाहीत. बाबा असते तर त्यांनी भावाच्या कानाखाली काढली असती. बाबांच्या मागे ही मोटरसायकल त्याने चालवली ती सगळी अर्धा क्लच दाबून. प्लेटी खाऊन टाकल्या आणि मग 'बाबांची आठवण आहे, तूच ठेव' म्हणून माझ्या मागच्या शेडमध्ये आणून टाकली. मोठा दानशूर!

नवऱ्याची रात्रपाळी चालू आहे. संध्याकाळी बस घेऊन निघतो तो सकाळी उगवतो. तेवढा वेळ शेड माझी.

५ फेब्रुवारी

ओठ फुटला. कारण — मी हसले. कशाला हसले ते मलाही आठवत नाही. 'कुणाला हसतेस?' एवढंच विचारलं, उत्तराची वाट पाहिली नाही.

पलीकडच्या खोलीत सासूबाई. मार सुरू झाला की त्या टीव्हीचा आवाज वाढवतात. संपला की कमी करतात. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी माझ्यासाठी केलेली ही एकच गोष्ट. कधीकधी वाटतं, त्याच्याआधी त्यांनाच धरून हलवावं.

इथे लिहून ठेवते म्हणजे मलाच विसर पडणार नाही — ही गाडी मी हौस म्हणून बांधत नाहीये. मागच्या वर्षी बसने पळाले होते. मावशीकडे. ड्रायव्हर नवऱ्याचा दोस्त निघाला. त्याने फोन केला, पुढच्या थांब्यावर नवरा उभा! हसत हसत मला उतरवून घेतलं, सगळ्यांसमोर 'चल, रुसू नकोस' म्हणाला. घरी आल्यावर जे झालं ते लिहीत नाही. या गावात कुठल्याही चाकावर बसा, स्टिअरिंगवर त्याचाच कोणीतरी असतो. तेव्हा चाक माझं हवं. मावशी म्हणालीये, 'पोचलीस की दार उघडं आहे. पण पोच.'

८ फेब्रुवारी

लाँड्रीतून सुटल्यावर स्पेअर पार्टवाल्याकडे गेले. हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करून हात भाजलेले, त्याच हातात कागदात गुंडाळलेली जुनी प्लेट. दुकानदाराने ती नाकाशी नेली.

'ताई, ही प्लेट आहे की भाकरी करपलीय?'

'तुमच्याकडे ताजी आहे का ते सांगा.'

हसला. जुनं मॉडेल आहे, बाहेरून मागवावी लागेल म्हणाला. पुढच्या आठवड्यात रविवारी या. कव्हरखालचं पॅकिंग आणि नवी केबल मात्र होती, ती घेऊन आले. 'मिस्त्री कोण आहे तुमचा?' म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच. त्याने ओठाकडे बघितलं आणि केबलबरोबर ग्रीसची छोटी डबी पिशवीत टाकली.

१० फेब्रुवारी

आज दुपारी तो झोपला होता. उताणा, तोंड उघडं. मी शेडमधून पाणी प्यायला आले होते आणि हातात हातोडी तशीच राहिली होती. मुद्दाम आणली नव्हती, खरंच नव्हती. पण खाटेपाशी थांबले.

कपाळावर घाम होता. मी जागा ठरवली. भुवईच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे. एकच घाव पुरला असता. माझा हात थरथरत नव्हता, याचीच मला भीती वाटली. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग तो झोपेत पुटपुटला आणि कुशीवर वळला.

परत येऊन हातोडी खोक्यात टाकली. तुरुंगात जाऊन बसायला मी क्लच बांधत नाहीये! पण हातोडी उचललेल्या त्या हाताला किती बरं वाटत होतं, ते फक्त इथे सांगते.

१३ फेब्रुवारी

सगळ्या प्लेटी ज्या डब्यात बसतात त्याच्या बोटांना खाचा पडल्यात. प्लेटी तिथे अडकतात. डबा बाहेर काढून कानस मारायला हवी, आणि त्यासाठी मधला मोठा नट सोडायचा. तो सोडताना गाडी गियरमध्ये टाकून कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरावा लागतो, नाहीतर नटाबरोबर सगळंच फिरतं. बाबांच्या वेळी ब्रेकवर मी बसायचे. आता कोण? पेडलला दोरी बांधली, विटा लटकवल्या, पान्याच्या दांड्याला लांब नळी घातली आणि सगळा भार टाकला.

नळी सटकली. चारही बोटांचे सांधे सोलून निघाले. तोंडातून अशा शिव्या निघाल्या की त्याच्या डेपोतही कोणी देत नसतील.

वळून बघते तर दारात सासूबाई!

त्यांनी गाडीकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

'शिव्या बऱ्याच येतात गं तुला,' म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या झटक्याला नट सुटला. पण आता मुलाला सांगतील का? सांगतीलच.

१४ फेब्रुवारी

सांगितलं नाही!! की वेळ बघतायत?

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं वाटोळं केलं. मीच केलं.

प्लेटी दुपारी मिळाल्या. नव्या कोऱ्या, हातात घेतल्या तर नवीन वहीसारख्या. घरी येते तर नवरा डबा भरत होता. म्हणाला, 'उद्या सकाळी आलो की रात्रपाळी संपली. परवापासून दिवसपाळी. रोज संध्याकाळी घरी. खूश?' मी खूश म्हणाले.

म्हणजे आजचीच संध्याकाळ. आजच बांधायची, अंधार पडला की निघायचं. नव्या प्लेटी आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायच्या असतात. हे मला बाबांनी चालता येण्याआधी शिकवलं असेल. 'कोरड्या बसवल्यास तर पहिल्याच गियरला लाथ घालेल.' मला माहीत होतं. हात थांबलेसुद्धा. पण रात्रभर कुठून आणू? वरवर तेल पुसलं आणि कानस मारून ठेवलेल्या डब्यात बसवल्या. एक खरखरीत, एक लोखंडी, एक खरखरीत, एक लोखंडी. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे आवळले. कव्हर, तेल, केबल. अंधार पडायच्या आत तयार!

गल्लीत काढली. किक मारली. दुसऱ्या किकला चालू झाली. तो आवाज! बाबा गेल्यावर पहिल्यांदा ऐकला, रडूच आलं. क्लच दाबून पहिला गियर टाकला आणि लिव्हर हळूच सोडायला लागले. हळू कसलं? कोरड्या प्लेटींनी एकदम पकड घेतली. गाडी माझ्या खालून उसळली, समोरच्या घराच्या लोखंडी फाटकावर जाऊन आदळली, मी पायरीवर, गाडी माझ्या पोटरीवर. अख्खी गल्ली बाहेर आली. आणि आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात एक ड्रायव्हर राहतो.

'अरे, वहिनी गाडी शिकतायत वाटतं!'

हसत होते. कोणीतरी गाडी उचलून शेडमध्ये लावून दिली. ही बातमी डेपोत पोचायला सकाळ उजाडायची गरज नाही.

पोटरी काळीनिळी. आता निघू का, पायी? पायी कुठवर जाणार!

१८ फेब्रुवारी

उजव्या हाताने लिहितेय हे नशीब.

काल सकाळी आला. चिडलेला दिसत नव्हता, तिथेच मी समजले. आंघोळ केली. जेवला. हात पुसले. मग मला समोर बसवलं आणि विचारलं, 'मोटरसायकलचा क्लच कोणत्या हाताने दाबतात गं?'

मी दाराकडे बघितलं.

'डाव्या. मी ड्रायव्हर आहे. मला ठाऊक नसेल होय?'

माझा डावा हात हातात घेतला. लग्नात धरतात तसा, अलगद. आधी करंगळी मागे वाकवली. मोडेपर्यंत. मग तिच्या शेजारचं बोट. मी त्याच्या दंडाला चावले, रक्त येईपर्यंत चावले, त्याने दुसऱ्या हाताने माझं डोकं भिंतीवर आपटलं. त्याच्या रक्ताची चव अजून तोंडात आहे. मला त्याची घाण वाटत नाही. आणखी जोरात चावायला हवं होतं!

'रविवारी भंगारवाला येईल,' म्हणाला. 'तुझ्या बापाचं लोखंड त्याच्या काट्यावर टाकू.' शेडला मोठं कुलूप घातलं, किल्ली खिशात.

काल टीव्ही लागला नव्हता. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात भांडं, आणि सगळं बघत होत्या. तो गेल्यावर त्यांनी जुन्या कंगव्याचे दोन तुकडे केले, बोटांना लावून कापडाने घट्ट बांधलं. मी त्यांच्या अंगावर ओरडले — 'तुम्ही नुसत्या बघत होतात! दगड आहात का?'

'दगडच,' म्हणाल्या. 'त्याच्या बापाने माझा हा खांदा निखळवला, तेव्हा तो एवढासा होता. तोही दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं, बघून शहाणा होईल.'

आणि गाठ मारून उठल्या.

१९ फेब्रुवारी

लाँड्रीत रजा टाकली. तो दिवसपाळीवर गेला. मी कुलपाकडे बघत बसले होते. दगडाने तोडावं, पण तोडलं की संध्याकाळी त्याला दिसणार.

सासूबाई आल्या. पदराखालून किल्ली काढली.

'या घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. त्याच्या बापालाही माहीत नव्हतं.' मग माझा बांधलेला हात उचलून बघितला. 'दोन हातांचं काम आहे ना? माझा एक चालतो, तुझा एक. झाले दोन.'

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. इतकी वर्षं कुठे होतात, बाई?

२० फेब्रुवारी

दोघींनी मिळून परत उघडलं. मी सांगायची, त्या करायच्या. जिथे त्यांचा खांदा उचलत नाही तिथे माझा उजवा हात. कव्हर काढताना अर्धं तेल त्यांच्या साडीवर सांडलं. 'असू दे, तशीही घरातच बसायची आहे मला.'

प्लेटी हातात घेऊन एकामागून एक नीट पाहिल्या.

'ही खरखरीत आणि ही गुळगुळीत, अशा जोड्या?'

'हो. एकमेकींना धरलं की गाडी चालते.'

'आणि कोरड्या धरल्या की तू फाटकावर.' हसल्या! त्यांना दात आहेत हे मला आजच कळलं.

प्लेटींवर चकाकते डाग पडले होते. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, मग एकेक तेलाच्या घमेल्यात बुडवली. घमेलं शेडच्या कोपऱ्यात, वर पोतं. तो यायच्या आधी कुलूप जसंच्या तसं. या वेळी रात्रभर मुरणार!

संध्याकाळी त्याने साडीवरचा डाग पाहिला. 'दिव्याचं तेल सांडलं,' सासूबाई म्हणाल्या. त्याने मला मात्र कारण नसताना लाथ घातली. तोच पाय, तीच पोटरी.

२१ फेब्रुवारी

बसवल्या. प्लेटी तेलाने निथळत होत्या, एकेक डब्यात अलगद सरकली. सासूबाई समोरासमोरचे बोल्ट आवळताना जिभेचं टोक बाहेर काढून असं काम करत होत्या, जशा काही सुई ओवतायत. केबलला दुकानदाराने दिलेलं ग्रीस भरलं, वळणं सैल केली, लिव्हरला थोडी मोकळी चाल ठेवली.

आणि मग मी लिव्हरवर हात ठेवला.

अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं. दोनच. दाबलं. क्लच दाबला गेला! पूर्ण! मूर्ख माणूस! आयुष्यभर पायाने क्लच दाबला त्याने. त्याला कुठून ठाऊक की नीट ग्रीस केलेली केबल असेल तर मोटरसायकलचा क्लच दोन बोटांवर चालतो! मोडायचीच होती तर दुसरी दोन मोडायची होतीस!

दुखतंय. मरणाचं दुखतंय. तरी मी शेडमध्ये नाचले.

आज त्याची यायची वेळ झाली. उद्या तो ड्यूटीवर गेला की निघायचं. सासूबाईंना म्हटलं, 'आई, तुम्हीपण चला. मागे बसा.'

'माझे गुडघे तुझ्या त्या घोड्यावर चढतील का?'

'मी चढवते. खरंच चला. मी गेल्यावर तो तुम्हाला सोडेल का?'

'मला नाही हात लावत तो.' मग पान्यावरचं तेल पुसत, 'अजून तरी.'

२२ फेब्रुवारी, शनिवार

मावशीकडे. पोचले. अंग अजून गाडीवरच आहे, लिहिताना अक्षर हलतंय.

सकाळी तो गेलाच नाही! रजा टाकली म्हणाला. 'उद्या तुझ्या बापाला निरोप द्यायचाय ना.' दुपारपर्यंत खाटेवर पडून होता, मोबाईल बघत. मी भांडी घासत होते, बोटांत कळा, डोक्यात नुसता जाळ. उद्या भंगारवाला. आज नाही तर कधीच नाही. जेवल्यावर तो घोरायला लागला. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं आणि किल्ली ओट्यावर ठेवली.

गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची ठरवली होती. पण या पोटरीने आणि या हाताने ढकलवेना. फाटकाबाहेरच किक मारावी लागली. पहिली — नाही. दुसरी — नाही. आतून त्याचा आवाज आला. माझं नाव, मग शिवी. खाट करकरली. तिसरी किक मारताना मी बाबांना नाही, देवाला नाही, त्या प्लेटींना हात जोडत होते.

चालू झाली!

क्लच दाबला. दोन बोटं. गियर. सोडायला लागले. या वेळी लोण्यासारखी पकड आली, गाडी सरकली. त्याच क्षणी मागून तो ओरडला. माणूस असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. रागाने वेडा झाला असणार. मी वळून बघितलंच नाही. गल्ली, नाका, डेपोची भिंत, मग मोठा रस्ता. दर आरशात मला त्याची बस दिसत होती. एका पंपावर थांबले तर हात इतका सुजला होता की हँडलवरून सोडवावा लागला.

मावशीने दार उघडलं आणि काही न विचारता आधी गाडी आत घेतली.

आता फाटकाशी काही वाजलं तरी दचकते. तो येईल. आज नाही तर उद्या. मावशीचं घर त्याला ठाऊक आहे. पाना उशाशी ठेवलाय, आणि या वेळी हात थांबणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मावशीच्या फोनवर सासूबाई.

'पोचलीस ना?'

'पोचले. तो कुठे आहे? निघाला का तिथून?'

'कुठे निघतो! प्लास्टरमध्ये आहे. नडगीचं हाड मोडलंय. तू किक मारत होतीस तेव्हा उठला, दारात बसून बूट घालायला लागला. मी खलातला बत्ता घेतला आणि नडगीवर घातला. दोनदा. माझ्या या खांद्याने एकदा पुरेना.'

मावशी काय झालं विचारत होती, मी तिला हातानेच थांबवलं.

'दवाखान्यात पायरीवरून पडलो म्हणाला. आईने मारलं कसं सांगेल?'

'आई, तुम्ही निघा तिथून! आत्ताच्या आत्ता! मी गाडी घेऊन येते!'

'वेडी की काय? त्याला उठवायचं, बसवायचं, कोण करणार? माझंच आहे ते.'

मागून त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या, मग काहीतरी फेकल्याचा आवाज, मग फुटल्याचा.

'ठेवते,' त्या म्हणाल्या. 'पाणी मागतोय.'